एकोणपन्नास, पन्नास

शीतगृह बंद झालं त्या रात्री
गावात कुणाचाच डोळा लागला नाही.
लेम्बीने उठून फ्रिज उघडून पाहिला,
मी दाराची कडी दोनदा चाचपली,
शेजारचा कुत्रा अंगणात उभा,
भुंकायचं कशावर तेच न सुचल्यासारखा.
काहीतरी चोरीला गेलं होतं खास,
आणि घरात तर चमचासुद्धा जागच्या जागी.

सकाळी वाइकेने सांगितलं: कॉम्प्रेसर.
तीन नंबरचा.
चौतीस वर्षं घरघरत होता किलू मासळीच्या पेट्यांसाठी,
आम्ही त्यालाच शांतता समजत होतो.

वाइके कारखान्याची वायरमन.
आमच्या एस्टोनियन भाषेत तिच्या नावाचा अर्थ निघतो 'शांत';
बारशाला आलेल्यांना पुढचं काय ठाऊक.
शेवटच्या आठवड्यात तिने टेपरेकॉर्डर
मोटरीच्या पाठीला चिंध्यांनी बांधून ठेवला.
का गं, विचारलं तर म्हणाली,
आजारी माणसाचा फोटो काढून ठेवतात ना, तसं.

ती टेप घेऊन गेली होल्गरकडे,
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या,
ज्याच्याशी एका बोटीच्या इंजिनावरून
बावीस वर्षं अबोला होता.
होल्गरने ऐकलं. ऑर्गनच्या जाड नळीत हवा सोडली.
पुन्हा ऐकलं. आणि हसतच सुटला.
तुझा पन्नास, माझा एकोणपन्नास!
सेकंदाला एका कंपनाचा फरक.
म्हणून रविवारी अख्खं गाव केसभर चढं गायचं,
आणि मी इतकी वर्षं पाद्रीबुवांच्या कानाला दोष देत आलो.

दोन्ही सूर एकत्र लावले की
हवा हेलकावते, सेकंदाला एकदा,
पलीकडच्या खोलीतून कुणी
पाळण्याची दोरी ओढावी तशी.
होल्गर म्हणाला, जुळवून टाकतो, मिनिटाचं काम.
वाइके म्हणाली, हात तर लावून बघ.

असा तो अल्बम. एक्केचाळीस मिनिटं.
फेरीबोटीवरच्या बँडने मोडीत काढलेला सिंथेसायझर,
दोन चाव्या मुक्या, एक अडकणारी;
सोएलाच्या सामुद्रधुनीत बर्फ तडकतानाचे आवाज,
इतके संथ केलेले की गुरं उठून बसताहेत असं वाटावं.
ठेका नाही. गाणं नाही.
कुठे सुरू झालं ते कळत नाही,
कळतं तेव्हा आपण केव्हाचे आत असतो.

पहिल्यांदा लावला तो रिकाम्या शीतगृहातच,
बुचाच्या लाकडाच्या भिंतींत, मे महिन्यात.
बाहेर ऊन, तरी आम्ही सगळ्या कोट घालून आलो. सवयीने.
स्टुलं मांडली. कुणी खोकलं.
दहाव्या मिनिटाला माझी बोटं हलायला लागली:
डोकं इकडे, शेपूट तिकडे,
डोकं इकडे, शेपूट तिकडे.
बघते तर लेम्बीचीही. सगळ्या रांगेची.
मांडीवर मासळी नाही, तरी आम्ही डबे भरत होतो.

आणि मग छत्तिसाव्या मिनिटाला
टेपवर ती खटक् आली, शेवटच्या संध्याकाळची.
वाइकेनेच ओढलेली ती कळ.
मोटर मंद होत गेली, सूर उतरत गेला,
होल्गरचा ऑर्गन मात्र आपल्या जागी, हट्टी.
हेलकावा लांबला.
दोन सेकंदांना एक. चारांना एक.
पाळणा ओढणाऱ्या हाताला डुलकी यावी तसा.
आणि थांबला.

क्षणभर दोघं एकाच सुरावर होते.
पन्नास खाली येता येता एकोणपन्नासला भेटला,
थांबायला वेळ नव्हता,
तसाच पुढे उतरत अंधारात गेला.
मी वाइकेकडे पाहिलं. ती तारा गुंडाळत होती,
गुंडाळलेल्याच तारा.

ऑर्गन एकटा पाच मिनिटं वाजला.
लेम्बी म्हणाली, शेवट लांबलाय जरा.
तिला कुणी उत्तर दिलं नाही.

धक्क्यावरच्या टपरीत त्या तबकड्या मिळतात,
विणलेल्या मोज्यांच्या शेजारी.
एका जर्मन जोडप्याने तीन नेल्या.

आता रविवारी आम्ही अगदी सुरात गातो.
होल्गरला ते आवडत नाही.