आवर्तन सुटायच्या आधी

पालखेडचं पाणी गुरुवारी चारीला येणार,
पाटकरी मोटरसायकल न थांबवता सांगून गेला.
म्हणजे सोमवार, मंगळवार, आणि बुधवारची सकाळ.
एवढ्यात फाटकातली मोरी बदलायची.

जुना पाईप एक फुटी. वडिलांनी टाकला तेव्हा
त्याच्यावरून जायची एक सायकल, एक बैलगाडी,
वर्षातून एकदा मळणीयंत्र.
यंदा द्राक्षांचा आयशर मागं घेताना
खालून करकन आवाज आला.
ड्रायव्हर म्हणाला, आधीचंच असेल.
असेलही.

ट्रॅक्टर आमचा अठरा हॉर्सपॉवरचा,
वेलींच्या दोन ओळींत मावेल एवढ्याच अंगाचा.
निफाडहून आणलेला नवा पाईप दोन फुटी, सिमेंटचा.
दोघं शेजारी उभे केले तर
कोण कोणाला ओढणार, सांगणं अवघड.

कांचननं विचारलं, ट्रॅक्टर आत ठेवणार की बाहेर?
हे माझ्या डोक्यातच नव्हतं.
मोरी निघाली की घराचं बेट होणार.
शेवटी बाहेर ठेवला,
आणि मधल्या खड्ड्यावर बाळनाथ कडभान्याची फळी.
दूध, डबा, पाना, शाळेला निघालेली पोरगी,
दोन दिवस सगळं त्या फळीवरून.

साखळी अडकवली, पहिला गिअर टाकला,
तर पुढची चाकं वीतभर हवेत.
बाळनाथ ओरडला, अरे, क्लच दाब, क्लच!
मग पुढं खताच्या तीन गोण्या बांधल्या
तेव्हा कुठं त्यानं जमिनीवर पाय टेकले.

पाईप सरकला नाही. तुटला. अर्धाच आला.
पोटात बावीस वर्षांचा गाळ, थरावर थर,
ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, सुतळी, एका पायाची चप्पल,
आणि छाटणीची कात्री.
मुठीला काळी चिकटपट्टी,
मीच गुंडाळलेली.

ह्या कात्रीचे साडेचारशे रुपये
मी चिंतामण भोयेच्या हजेरीतून कापले होते.
पेठहून टोळी आलेली, ऑक्टोबरची छाटणी, नऊ वर्षं झाली.
तो म्हणाला, दादा, चारीच्या बांधावर ठेवली होती.
मी म्हणालो, बांध काय कात्री खातो का?
लोक हसले. मलाही ते वाक्य आवडलं होतं.
पुढच्या वर्षी टोळी आली, तो आला नाही.
मी विचारलं नाही.

कांचन फळीवर उभी, हातात चहा.
तिनं कात्री ओळखली.
चहा माझ्या हातात देऊन परत आत गेली.

नवा पाईप लोळवत आणला, पहारी लावून बसवला.
पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली,
वरच्या तोंडाला दोन बोटं चढ.
बाळनाथ म्हणाला, उतार माणसाला दिसायला नको,
पाण्याला कळला पाहिजे.
बगलेत मुरूम ठासला, वर माती,
ट्रॅक्टर पुढं-मागं, पुढं-मागं, अंधार पडेपर्यंत,
आणि सीटखालच्या डब्यात पान्यांबरोबर
कात्री खडखडत राहिली.

पाणी पहाटे तीनला आलं,
काडीकचरा पुढं ढकलत, फेसाळ, गढूळ.
तोंडाशी जरासं घुटमळलं आणि आत शिरलं.
पलीकडं बॅटरी मारून उभा होतो. निघालं.

सकाळी मुकादमाला फोन लावला.
तो म्हणाला, भोये? कोणता भोये?
आमच्याकडं दगड मारला तर भोयेलाच लागतो.
मी म्हणालो, चिंतामण. तो, ज्याच्यावर मी...
तुमचा आवाज तुटतोय, तो म्हणाला.

रेंज आमच्याकडं फाटकातच येते.
चालत गेलो, नव्या मोरीवर उभा राहिलो.
खालून पाणी चाललेलं.
हॅलो, म्हणालो, आता येतंय का ऐकू?
आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.