नाव काढणं

पहिल्या वेळी पत्र आलं ते दीड पानाचं.
प्रस्ताव चांगला आहे, लिहिलं होतं,
परंतु अर्जदार आपल्या मार्गदर्शकांपासून
पुरेशा वेगळ्या दिसत नाहीत.

सिव्हिलच्या फाटकाबाहेर स्कूटीवर बसून वाचलं मी.
शेजारी पपईवाला फोडी करत होता.
कशी दिसणार वेगळी?
डीप फ्रीझर खैरनार सरांचा,
किल्ली सरांच्या खिशात,
सुरगाण्याचे नमुने मी आणलेले,
एसटीत थर्माकोलचा डबा मांडीवर धरून,
डब्यावर चिठ्ठी सरांच्या प्रकल्पाची.

प्रश्न मात्र माझा होता.
बाऱ्ह्याच्या अलीकडे एका घरात दोन भाऊ,
दोघांच्या रक्तात तोच विळा.
थोरला दर महिन्याला दाखल होतो
गुडघे पोटाशी घेऊन.
धाकटा डोंगर उतरून ओंजळभर करवंदं आणतो
आणि म्हणतो, माझं पण रक्त घे ताई,
पण हळू टोच.
असं का?
क-ला काना, बस, एवढाच प्रश्न.
त्याच्यावर तीन वर्षं घालवली,
ओपीडी संपल्यावर, राउंड संपल्यावर,
उरलेल्या वेळात,
जो कधी उरत नसे.

माझा भाऊ मोतीराम भाद्रपदात
मोहाडीच्या द्राक्षमळ्यांत कलमं बांधायला जातो.
पत्राचं सांगितलं तर फोनवर म्हणाला,
खुंट जंगली लावतात, डोळा दुसऱ्या वेलीचा.
डोळ्यानं जीव धरला का
खुंटाचे फुटवे खुडायचे,
नाहीतर सगळी वेल खुंटाचीच होते.
आणि खुंटाचं काय?
तो राहतो की खाली. पाणी तोच पाजतो.

दुसऱ्या अर्जाच्या आदल्या संध्याकाळी
सरांनी चष्मा कपाळावर ढकलला,
पानांवरून बोट फिरवत नेलं.
"गावित, सहाव्या पानावरून माझं नाव काढ.
अकराव्यावरूनही."

मी पेन उचललं नाही.
आपल्या भाषेत हे वाक्य दोनदा ऐकू येतं.
काढ, म्हणजे खोड.
आणि काढ, म्हणजे
पेठच्या आश्रमशाळेच्या दारात
पत्र्याची पेटी खाली ठेवून
बाप म्हणाला होता ते.
सरांना कुठलं म्हणायचं होतं
मी विचारलं नाही.
त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली,
सुट्टे पैसे ठेवावेत तशी.
"वरचा खण अजून माझाच आहे हं."

मार्चमध्ये आलं ते पत्र अर्ध्या पानाचं.
पाच वर्षं. आठवड्यातले चार दिवस संशोधनाला.
एक तंत्रज्ञ. एक फ्रीझर, उणे ऐंशीचा, जनरेटरसकट.
मुख्य संशोधक: डॉ. यामिनी गावित,
त्यात वि-ची वेलांटी चुकवून दीर्घ केलेली.
विभागप्रमुख बाईंनी पेढा अर्धा मोडला,
म्हणाल्या, छान, पण बुधवारची ओपीडी कोण बघणार?
त्यांचंही खरं होतं.
पेढा हातात घेऊन उभी राहिले मी.

मग नवी खोली. ओल्या रंगाचा वास, दोन खुर्च्या.
आकडा चुकला तर आता दार ठोठवायला
पलीकडे कुणी नाही.
पहिल्या आठवड्यात तीनदा मी
सरांच्या मजल्यावर जाऊन
जिन्यातूनच परत आले.
स्वतंत्र झाले, असं घरी सांगत होते.
पोटात मात्र नुसता गोळा.

मेमध्ये एका रात्री वीज गेली,
जनरेटर नुसता खोकला आणि बसला.
उणे ऐंशी. उणे अठ्याहत्तर. उणे चौऱ्याहत्तर.
आत एकाच खोक्यात शेजारीशेजारी
थोरल्याचं रक्त आणि धाकट्याचं.
टॉर्च दातात धरून मी आणि वॉचमन सोनवणे
डिझेल ओततोय, अर्धं सांडतंय,
हात सरांच्या नंबरापर्यंत गेला, मागे आला.
तिसऱ्या झटक्याला यंत्र धडधडलं.

तेव्हाच फोन वाजला.
गंगापूर रोडवरून सर, झोपाळू आवाजात.
नऊ वर्षं हा माणूस
वीज असो, नमुने असोत, चूक असो,
"आपल्याकडे" म्हणत आला.

आज म्हणाले,
"काय गं, तुझ्याकडे गेली का लाइट?"