तळघराची खिडकी

वूच शहरात सोसायटीनं मला बोलावलं नोव्हेंबरात :
तळघराला अकरा खिडक्या आहेत, अकरा कुलपं लावा,
मांजरं आत शिरतात, वास मारतो.
मी कुलुपवाला. कारण विचारणं
माझ्या धंद्यात बसत नाही.
अकरा कुलपं लावली, पावती फाडली,
हात धुतले.

चौथ्या मजल्यावरच्या बोगुमिवाबाई
गिरणीत बत्तीस वर्षं मागावर होत्या.
एका कानानं ऐकू येत नाही,
दुसऱ्यानं हवं तेवढंच.
रोज संध्याकाळी थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन उतरतात,
कारण वाटीतलं पाणी इथं तासाभरात दगड होतं
आणि भोवती एवढा बर्फ असताना
कुणी तहानेनं मरतं, हे कुणाला पटत नाही.

त्या भांडल्या नाहीत. जिन्यात एवढंच विचारलं,
"कुलूप लावताना आत बघितलं होतंत?"
"हो," मी म्हणालो.
"मी बघून आले. दोघं होती."

त्यानंतर आठवड्याला एकदा यायच्या,
एका खिडकीची किल्ली मागायला. फक्त एका.
मी म्हणायचो, नियम.

माझ्या घरी गुझिक. गुझिक म्हणजे बटण.
सात किलोंचा बोका, कोरड्या दाण्यांवर पोसलेला,
पाण्याकडे ढुंकून न बघणारा.
त्याची वाटी मी कधी रिकामी ठेवली नाही.
लाड म्हणजे वाटी भरणं,
एवढंच मला येत होतं.

डिसेंबरातल्या एका रात्री तो वाळूच्या ट्रेमध्ये
बसायचा, उठायचा,
पुन्हा बसायचा.
मला वाटलं, कोठा जड झाला.
चमचाभर तेल शोधत होतो, तेवढ्यात बेल वाजली.
किल्ली. पाचव्यांदा.
बाईंनी उंबऱ्यातूनच ऐकलं, त्या एका कानानं,
आतून येणारं ते बारीक, दबलेलं ओरडणं.
"पोट नव्हे. लघवी तुंबलीय याची.
उजाडायची वाट बघाल तर तुमचं उजाडेल,
त्याचं नाही.
कोट घाला."

रात्रीची ट्राम, मांडीवर टोपली,
टोपलीवर बाईंची लोकरी शाल.
डॉक्टर यागोदा झोपेतून उठून आल्या होत्या,
केसांत अजून उशीची घडी.
दोऱ्याएवढी नळी घातली त्यांनी,
आणि काचेच्या भांड्यात थेंब पडू लागले, लालसर.
एवढं सुंदर काही मी बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं.
मग बोलणी खाल्ली. वजन शेवटचं कधी केलंत?
ओलं खाणं का नाही? पाणी एकाच कोपऱ्यात का?
खाली मान घालून
दर प्रश्नाला मी गुझिकच्या शेपटीकडे बघत होतो.

बाहेर बाईंनी पिशवीतून वही काढली.
तळघरातल्या मांजरांची. नावं, तारखा,
कानाचं टोक कातरलं की नावापुढे टिंब :
ऑपरेशन झालं.
"एकोणीस होती. आता सात.
मारली नाहीत हो. जन्मूच दिली नाहीत."
मग म्हणाल्या, काळं मांजर आडवं गेलं की
इथले लोक क्षणभर थांबतात.
थांबलाच आहात, तर पाणी तरी ओता.

तिसऱ्या खिडकीचं कुलूप मी दुसऱ्या दिवशी काढलं.
काचेच्या जागी फळी, फळीला भोक,
मिशा आत जातील एवढं;
मिशा गेल्या की बाकीचं मांजर जातंच.
आत थर्माकोलची खोकी, त्यात पेंढा.
मी जुनी चादर आणली होती, बाई खेकसल्या :
चादर भिजते, गोठते. पेंढा!

त्यातली एक करडी भाटी
मला अजून हात लावू देत नाही.
किल्ल्यांचा आवाज आला की खोक्याच्या तळाशी जाते.
तिचं बरोबर आहे. त्या दोघांत
ती होती की नव्हती, मी विचारलेलं नाही.

गुझिक सव्वापाच किलोंवर आला. दर पहिल्या तारखेला
त्याला उचलून काट्यावर उभा राहतो,
मग त्याच्याशिवाय.

सोसायटीचं पत्र आलं : एक कुलूप कमी दिसतं.
मी दहा कुलपांची नवी पावती फाडली
आणि एकाचे पैसे परत पाठवले.