कमरेइतकं पाणी

अडतीस किलोमीटर झाले की कोणी बोलत नाही.
लाल धूळ गुडघ्यापर्यंत, मोज्यांच्या आतसुद्धा,
आणि कोच तुइटोकच्या हातात ते घड्याळ
जे धावणं संपलं तरी थांबत नाही.
"पाण्यात," तो म्हणतो. एवढंच.

चेरंगानीच्या जंगलातून हा ओढा येतो,
वाटेत त्याला ऊन भेटत नसावं.
कोच आधी कोपर बुडवून बघतो,
बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं,
फक्त उलट:
हात झटकन मागे आला, तर ठीक.

हॅम्बुर्गला पांढरा टब होता, बर्फाच्या थैल्या,
थर्मामीटर बदकासारखं तरंगत होतं.
मसाज करणारी बाई समजावत होती
सूज, रक्तवाहिन्या, आणखी काहीबाही.
मी मान हलवत होते
आणि मला आठवत होती आई,
लंगडणाऱ्या वासराला याच ओढ्यात उभं करून
त्याच्याशी भांडणारी.

पहिलं मिनिट शिव्यांचं.
तानुई एकोणीस वर्षांची, ती देवाचं नाव घेते,
मी घेते ते इथे लिहिण्यासारखं नाही.
पाणी घोट्यांना चावतं, पोटऱ्यांत शिरतं,
मांड्यांशी जरासं घुटमळतं,
मग एकदम कमरेला विळखा.
श्वास छातीत उंच कुठेतरी अडकून बसतो,
झाडावर चढलेल्या आणि उतरता न येणाऱ्या पोरासारखा.
त्याला खाली बोलवायचं. हळू. ओरडायचं नाही.

तेवढ्यात किबोर येतो, गाढवावर चार पिवळे कॅन.
"तुमच्या घामाचा चहा प्यायचा का आम्ही?"
बरोबर आहे त्याचं.
आम्ही उठतो, लटपटत
पुलाच्या खालच्या अंगाला सरकतो,
पुन्हा बसतो.
कोच घड्याळ शून्यावर आणतो.
दयामाया नाही.

"याने खरंच काही होतं का?"
तानुईचे दात वाजताहेत.
मला माहीत नाही.
बारा वर्षं बसते आहे मी या पाण्यात.
कधी दुसऱ्या दिवशी पाय हलके असतात,
कधी साधा उतार उतरताना
म्हातारीसारखी आडवी होऊन उतरते, कुंपण धरत.
"होतं," मी सांगते.

माझं काम वेग धरण्याचं.
तीस किलोमीटर सगळ्यांच्या पुढे, वाऱ्याला छाती देत,
बाकीच्या बायका माझ्या पाठीआड;
मग उजवीकडे एक पाऊल, दोरीच्या पलीकडे,
आणि त्या निघून जातात.
पैसे तिसाचेच मिळतात, मोजून.
शेवटच्या टाळ्या
मी नेहमी दुसऱ्या रस्त्यावरून ऐकल्या आहेत.
हॅम्बुर्गला तानुईही गेली तशीच, वळून न बघता.
बघायचं नसतंच. मीच शिकवलं.

सहावं मिनिट. आता दुखत नाही,
आता पाय कोणाचे तरी आहेत.
तळाशी दिसतात, काळ्या पडलेल्या नखासकट,
दोन शहाण्या माशांसारखे, जागचे न हलणारे.
तानुई उठते. "बास झालं, मावशी."
काठावर टॉवेल, फ्लास्कमधला दाट दुधाचा चहा.
ती चढून जाते; पाण्यात तिची जागा
क्षणभर तिच्याच आकाराची राहते,
मग मिटते.

कोच माझ्याकडे बघतो.
चार मिनिटं उरलीत.
काठ हाताच्या अंतरावर आहे,
उजवीकडेच.

मी बसून राहते.
पुलावरून गाढव जातं, कॅन हिंदकळतात,
थोडं पाणी माझ्या डोक्यावर सांडतं
आणि नवव्या मिनिटाला मला हसू फुटतं.
कशाचं, ते दातांना विचारा.
सध्या तेच बोलताहेत.