नंबर जुळत नाही

आचारसंहिता लागली की यावलच्या ठाण्यात बंदुका जमा होतात.
जिल्ह्यात आता दुरुस्तीचं दुकान उरलं नाही,
म्हणून मला धुळ्याहून बोलावणं येतं.
भरलेली नाही ना, एवढंच बघायचं असतं.
हात थोडाच तेवढ्यावर थांबतो.

एप्रिल. पत्र्याखाली तेल पाण्यासारखं पातळ.
पितांबर हवालदार नावं वाचतो, मी बोल्ट मागे ओढतो.

किनगाव, साकळी, दहिगाव:
तीनशे पंधरा, तीनशे पंधरा, पुन्हा तीनशे पंधरा.
इशापूरच्या. हाडं सगळी फौजेच्या तीनशे तीनची,
फक्त नळीचं भोक वेगळं.
गोऱ्या साहेबाला धास्ती, पलटणीचं काडतूस
रयतेच्या बंदुकीत बसलं तर?
साहेब गेला, भोक तेच राहिलं.
जुनीवर मुकुट, नंतरचीवर सिंह,
आणि साकळीच्या एकीवर मुकुट कानशीनं घासलेला,
घाईत, अर्धाच.

मग एक बर्मिंगहॅमची.
महायुद्धातून उरलेली, मागच्या शिस्तीचे दोन्ही कान छाटून
शिकारीची केलेली.
छाटल्याची जागा बोटाला अजून लागते,
कानाचं बुजलेलं भोक लागतं तशी.

उस्ताद जमाल सिकलगार सांगायचे,
ली-एनफिल्डची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना ताणते,
माउझरची दांडी उचलतानाच.
एक माणूस घरात शिरताना कुरकुरतो,
एक घरातून निघताना.
संसार दोघांचे होतात, बेटा.
त्यांना माउझर आवडायची. मला ली.
माउझर काडतुसाला मानगुटीला धरून आत नेते,
ली नुसती ढकलते, पण दुसरी गोळी लवकर तयार ठेवते.
यावरून आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो एकदा.

शेवटी दोन माउझर. ओबर्नडॉर्फच्या,
दोन्ही तिसाच्या आधीच्या असाव्यात.
पुढच्या युद्धानंतर फ्रेंचांनी तो कारखानाच उखडला,
यंत्रं नेली, भिंती पाडल्या.
सुटे भाग मागायला आता पत्ता नाही.

न्हावीची: अंगावर शेवटचे आकडे चारशे सतरा,
बोल्टवर चारशे ऐंशी.
डोंगरकठोऱ्याची: अंगावर चारशे ऐंशी, बोल्टवर चारशे सतरा.

मी चष्मा पुसला. परत वाचलं.
दुसऱ्याचा बोल्ट म्हणजे जोखीम, चेहऱ्यावर फुटू शकते.
गेज घातलं. बसलं.
दुसरीतही बसलं.
मिठ्यांच्या जागा दोन्हीकडे चांदीसारख्या घासलेल्या,
म्हणजे कालपरवाची गोष्ट नव्हे.

परवाने पाहिले. एकसष्ट साल, एकच तारीख, एकच सही.
कारण दोघांचं शिकार,
बहात्तरनंतर खोडून, पीक संरक्षण, रानडुकरं.
डोंगरकठोऱ्याचे गुमानसिंग राजपूत वारले,
नातू बंदूक बारदानात गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन आला होता,
त्याला काहीच ठाऊक नव्हतं, पावतीची घाई होती.
न्हावीचे दोधू चौधरी बाहेर बाकावर,
पंच्याऐंशीच्या पुढचे, भिंतीकडे तोंड करून.

बाबा, बोल्ट बदललेत. बदलून देऊ? मिनिटाचं काम.

मना त्यानाकडे, त्याना मनाकडे, म्हणाले. ऱ्हाऊ दे.

का, कधी, कुठल्या रानात,
विसरून की ठरवून, ते काही नाही.
तंबाखू मळत राहिले.

पितांबर म्हणतो, रजिस्टरात रकाना एकच, कोणता नंबर लिहू?
अंगाचा लिही, मी म्हटलं,
आणि डोंगरकठोऱ्याची उचलली,
बोल्ट पुढे सारला, दांडी खाली पाडली.

खट्.

बाकावर मळणारा अंगठा थांबला.
वळून न बघता म्हातारा म्हणाला,
हाऊ मना.