विटकरी ठिपका

तूझ्ला. सकाळचे साडेआठ, काचेवर धुरकट बर्फ.
फिक्रेत कुबड्या भिंतीला टेकवतो
आणि मी विचारायच्या आधीच म्हणतो, दोब्रो.
बरं आहे.

हा पाचवा सॉकेट.
मांडीचं उरलेलं टोक सकाळी भरलेलं,
संध्याकाळी ओसरलेलं;
मग एक मोजा, वर दुसरा, तिसरा,
तरी पाऊल टाकताना आतली हवा फुसकन हसते
आणि तो खोकून ती झाकतो.

आज मी त्याच्या बायकोकडे लिपस्टिक मागितली.
झुम्राने पर्समधून काढून दिली,
विटकरी, तळाशी गेलेली.
हाडाच्या टोकाशी एक ठिपका,
जांघेत एक.
चाल, म्हटलं.
दारापर्यंत गेला, परत आला.
दोब्रो.

सॉकेट काढून उजेडात तिरका धरला.
जिथे काहीच टेकायला नको
तिथे रंग फरफटत गेलेला.

झुम्रा वाकून बघत राहिली.
"घरीसुद्धा?" एवढंच म्हणाली.

तो बर्फाकडे बघतोय.
मी कानस उचलते, प्लास्टिकचा भुगा मांडीवर पडतो.
चार मिलिमीटर, कदाचित पाच.
पुन्हा घालतो, उभा राहतो, वजन टाकतो,
तोंड उघडतो,
थांबतो.

"इथे," म्हणतो. "नाही,
जरा आतल्या बाजूला."