एका शब्दाची जागा

पानाला पंच्याहत्तर पैसे. जोडाक्षरांचे वेगळे नाहीत.
धोबी तलावाला, लघुवाद न्यायालयाच्या भिंतीशी
माझं टेबल, माझं यंत्र, वर ताडपत्री.
भाडेकरू, पोटभाडेकरू, पागडी, ताबा:
ही माझी बाराखडी.
तिच्यात एका दुपारी मोरेश्वर धैर्यवान आले,
बगलेत वह्या, आणि म्हणाले,
"बाई, नाटक आहे. जर्मन माणसाचं."

आन्सेल्म राउटनक्रांट्स.
नाव बडवतानाच दोन दांडे एकमेकांत अडकले.
शाईच्या बोटांनी मी ते सोडवले.
पुढे जिथे जिथे तो आला
तिथे तिथे पुन्हा.

धैर्यवान बंदरात कारकून, बेवारस माल खात्यात.
चाळीस साली एक पेटी लिलावात निघाली.
पेटी मुंबईला पोचली होती,
मालक बोटीवर चढलाच नव्हता.
अकरा रुपयांना यांनी घेतली.
आत लोकरीचा ओव्हरकोट, दाढीचा ब्रश,
नऊ नाटकं, दीड कादंबरी.
"दीड?"
"दुसरी मधेच थांबते. एक बाई जिन्यात उभी आहे,
एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या.
पस्तीस वर्षं ती तशीच आहे."
तिच्यासाठी हा माणूस जर्मन शिकला,
रात्री, माजगावच्या खोलीत, कंदिलाशी.

तुकड्यातुकड्यांनी मलाही कळत गेलं.
मिठागराच्या गावचा. बाप वजनकाट्यावर.
(माझा आजा वडाळ्याच्या मिठागरात मेला,
हे मी बोलले नाही.)
पहिल्या नाटकाला लोकांनी बाकं बडवली,
तिसऱ्याला त्याला खांद्यावर घेतलं,
सातव्याच्या प्रती चौकात जाळल्या.
जाळणाऱ्यांत तिसऱ्यातला नट होता.
मग एका बंदरगावात भाड्याची खोली,
खिशात मुंबईचं तिकीट,
कागदावर एक शिक्का कमी.

नाटक तसं साधंच. तरीच्या धक्क्यावर नवरा-बायको
रात्रभर भांडतात, सामान बांधतात, सोडतात.
शेवटी तो म्हणतो, "तू येणार नाहीस."
ती एकच शब्द बोलते: डॉख.
अंधार.

"होय नव्हे," धैर्यवान म्हणाले. "नाही तर नव्हेच."
"अवश्य" लिहिलं, खोडलं. ते आमंत्रणपत्रिकेतलं.
"येईन ना" रडकं झालं.
"का नाही येणार" म्हणजे पुन्हा भांडणच.
"जागा सोडा, बाई. एका शब्दाची."
मी सोडली.
ते पान आठ महिने माझ्या खणात,
कार्बनच्या डब्याखाली.

मग खेतवाडीच्या भिकूबाई वायंगणकर,
खोली रिकामी करायची नोटीस घेऊन.
वकील त्यांच्यावरच ओरडत होता:
"ते सांगतील, तुम्ही तिथे राहतच नाही!"
म्हातारीने पदर खोचला.
"राहते की."

धैर्यवानांनी चहाचा कप ठेवला तो बशीच्या बाहेर.
"बाई, ते पान काढा."

क. दीर्घ वेलांटी.
येणार की.
पस्तीस वर्षं, आणि ही अशी दोन बोटं.
त्या पानाचे पैसे मी घेतले नाहीत.
भिकूबाई केस हरल्या, तेही सांगते.

गिरगावात एका शाळेच्या सभागृहात प्रयोग झाला. एकच.
मे महिना. चाळीस खुर्च्या, तेवीस माणसं,
त्यातली सहा नटांच्या घरची.
दिवेवाल्याने घाईत दिवे आधीच घालवले,
तो शब्द अंधारातून आला,
आणि कुणीतरी खोकलं.

उजेड झाला तेव्हा धैर्यवान पहिल्या रांगेत,
अंगात तो ओव्हरकोट,
कॉलर दुसऱ्याच कुणाच्या मानेची,
डांबरगोळ्यांचा वास, घाम भुवयांपर्यंत.
पोरं खुर्च्या मिटवत आली तरी उठेनात.
मी वाकून म्हटलं,
"अहो, उकडत नाही का तुम्हाला?"
"उकडतंय की," म्हणाले,
आणि एकही बटण सोडलं नाही.